ट्राउटचा हंगाम आणि दिवसाची मर्यादा: नियम पाण्यागणिक का बदलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंगरातल्या नदीवर पहिल्यांदाच ट्राउट धरायला जायचंय. नियम वाचायला घेतले तर एक खोरं ऑक्टोबरात उघडं, शेजारचं बंद. एका पाण्यात दिवसाला दोन मासे, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात एका जातीचे वर दहा जादा. कुठे लहान सोडायचे, कुठे मोठे. यामागे काही सूत्र आहे की ज्या त्या खात्याची मर्जी?

सूत्र आहे. पाणी किती थंड आणि त्याच्या तळाशी अंडी घालण्याजोगी रेव किती, या दोन गोष्टी कळल्या की बहुतेक नियमांचा उलगडा होतो. मी बरीच वर्षं डोंगरी पाण्यात गळ टाकतोय आणि मधली काही वर्षं ट्राउटची अंडी उबवण्याच्या कामातही होतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की हंगामाच्या तारखा माशापेक्षा रेवेतल्या अंड्यांसाठी जास्त असतात, आणि मर्यादेचा आकडा पाण्यात मासे किती यापेक्षा ते किती सावकाश वाढतात यावर ठरतो.

आधी हंगाम. ट्राउटमध्ये विणीच्या काळानुसार दोन गट पडतात. ब्राउन आणि ब्रूक शरद ऋतूत, हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतात. (ब्रूक खरं तर 'चार' (char) नावाच्या, ट्राउटच्या जवळच्या गटातला मासा, पण नियमांत त्याची गणती ट्राउटमध्येच होते.) रेनबो आणि कटथ्रोट साधारणपणे वसंतात, बर्फ वितळू लागल्यावर वितात. म्हणून ब्राउनच्या नद्या सहसा शरदाच्या मध्यापासून हिवाळा सरेपर्यंत बंद असतात, तर रेनबो किंवा कटथ्रोटच्या नद्या वसंतात बंद होऊन उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडतात. शेजारशेजारच्या खोऱ्यांत वेगळ्या तारखा दिसण्याचं हे पहिलं कारण. हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण तिथे वीण हिवाळ्यात होते. न्यूझीलंडमध्ये ऋतूच उलटे, त्यामुळे तिथल्या बऱ्याच नद्यांचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असा चालतो. जातीवरून आणि ऋतूवरून पाहिलं तर दोन्हीकडचा हिशोब एकच आहे.

वीण तर दोनचार आठवड्यांत उरकते, मग बंदी तीन-चार महिने कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. उत्तर अंड्यांच्या गतीत आहे. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे अंड्याची वाढ पाण्याच्या तापमानावर चालते. उबवणी केंद्रात आम्ही रोजचं तापमान लिहून त्याची बेरीज करत जायचो. ब्राउन ट्राउटचं अंडं फुटायला ही बेरीज साधारण ४०० ते ४५० व्हावी लागते. पाणी १० अंश सेल्सिअस असेल तर सहा आठवडे पुरतात. ५ अंश असेल तर ८० ते ९० दिवस लागतात. डोंगरी नदी हिवाळ्यात पाचाच्याही खाली जाते, म्हणजे मुदत आणखी लांबते. अंडं फुटल्यावरही पिल्लू लगेच बाहेर येत नाही. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन ते कित्येक आठवडे रेवेतच दबून राहतं आणि बलक जवळपास संपला की वर येतं. नोव्हेंबरात घातलेल्या अंड्यातलं पिल्लू मार्च-एप्रिलमध्ये पोहायला लागतं, ते असं.

आता हे अंडं असतं कुठे ते नीट पाहा, कारण पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला ते ओळखता आलं पाहिजे. डोह संपून पाणी उथळ होऊ लागतं, धार जरा वेग घेते आणि तळाला सुपारी ते लिंबाएवढे खडे असतात, तिथे मादी कुशीवर होऊन शेपटीचे फटके मारते. त्या झटक्यांनी खडे उडून खाली वाहतात आणि खळगा तयार होतो. त्यात ती अंडी सोडते, शेजारी आलेला नर ती फळवतो, आणि मग मादी जरा वर सरकून पुन्हा फटके मारते. वरून आलेले खडे अंड्यांवर पडून ती झाकली जातात. शेवटी दिसतं ते असं: आजूबाजूचा तळ शेवाळाने काळपट-हिरवा आणि मध्येच हातभर ते दोन हात लांबीचा स्वच्छ, उजळ खड्यांचा लंबगोल, वरच्या टोकाला खळगा, खालच्या टोकाला उंचवटा. अंडी त्या उंचवट्याखाली, साधारण वीतभर खोल. नवख्या माणसाला पाय टाकायला नेमकी तीच जागा सोयीची वाटते, कारण खडे मोकळे आणि निसरडे नसतात.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात झालेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अंड्यांच्या पूर्ण वाढीच्या काळात रोज दोनदा त्यांच्यावरून चाललं तर ९६ टक्क्यांपर्यंत अंडी आणि पिल्लं मेली. फुटण्याच्या सुमाराला एकदाच चाललं तरी ४३ टक्क्यांपर्यंत. बंद काळात मासा पकडून सोडून दिला तरी नियम मोडतो, हे काही जणांना जाचक वाटतं. हे आकडे पाहिल्यावर ते समजायला हवं. आणि हंगाम उघडला म्हणजे रेव मोकळी झाली असंही नाही. मार्चमध्ये उघडणाऱ्या नदीत सुरुवातीचे कित्येक आठवडे पिल्लं खड्यांतच असतात. तेव्हा काठावरून गळ टाका, नदी ओलांडायची झाली तर मोठ्या धोंड्यांवरून किंवा वाळूच्या तळावरून ओलांडा.

तळ्यांचे नियम वेगळे का, तेही यातूनच कळतं. साठलेल्या पाण्यात रेवेतून पाणी खेळत नाही, अंड्यांना प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे ट्राउट बहुधा तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात चढून अंडी घालतो. (ब्रूकला तळातून झरे फुटत असतील तर तळ्यातही जमतं.) म्हणून तळं बारमाही उघडं आणि त्यात येणारा ओढा मात्र मुखाजवळच्या पट्ट्यासकट बंद, अशी रचना बऱ्याच ठिकाणी आढळते. ओढ्याच्या तोंडाशी जमलेले मासे दिसले की मोह होतो. ते मासे वर चढायच्या तयारीत थांबलेले असतात.

उन्हाळ्यातली बंदी ही अलीकडे वाढत चाललेली बाब, आणि ती छापील पुस्तिकेत बहुधा सापडत नाही. ट्राउटला पाणी १९-२० अंशांच्या वर गेलं की श्वास पुरत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. मोंटाना राज्यात पाण्याचं दिवसातलं कमाल तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास २३ अंश सेल्सिअसला पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवण्याची पद्धत आहे. पहाटे पाणी सर्वांत थंड असतं म्हणून सकाळ मोकळी. तुमच्या पाण्यावर असा नियम असो नसो, साधा तापमापक खिशात ठेवा. पाणी १९ अंशांवर दिसलं की मी दांडी गुंडाळतो.

आता दिवसाची मर्यादा. इथे मासा किती वर्षांचा हे कळणं महत्त्वाचं. ट्राउटच्या पाठीच्या परामागे, बगलेतल्या रेषेच्या थोडं वर, तिथला एक खवला बोथट सुरीने अलगद खरवडून घ्यायचा, धुऊन दोन काचांमध्ये धरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यावर एकात एक वर्तुळं दिसतात. उन्हाळ्यात मासा भरभर वाढतो तेव्हा ती विरळ असतात, हिवाळ्यात दाट. दाट पट्टे मोजले की हिवाळे कळतात. चुनखडीच्या प्रदेशातल्या, किड्या-कोळंब्यांनी भरलेल्या सखल नदीतला ३० सेंटिमीटरचा मासा दोन-तीन हिवाळे दाखवतो. आठ-नऊ महिने बर्फाखाली असलेल्या उंच तळ्यात २० सेंटिमीटरच्या माशाचे पट्टे चार-पाच भरतात, आणि इतके दाट की कडेचे मोजताना डोळे दुखतात. तळहाताहून थोड्या मोठ्या त्या माशाच्या जागी दुसरा यायला तितकीच वर्षं जाणार. उंचावरच्या नितळ पाण्यात दिवसाला दोनच मासे घ्या म्हणतात, ते पाणी रिकामं आहे म्हणून म्हणत नाहीत. तिथली भरपाई फार संथ असते.

किमान माप त्याच हिशोबाने ठरतं: बहुतेक माद्या निदान एकदा तरी विलेल्या असाव्यात अशी लांबी. म्हणून ते एका नदीत २० सेंटिमीटर असू शकतं आणि जोमदार वाढीच्या दुसऱ्या नदीत ३० किंवा त्याहून जास्त.

पण किमान मापाचा एक तोटा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लहान सोडा, मोठे घ्या असं म्हटलं की सगळ्यांचा भार मोठ्या माद्यांवर पडतो. मादीच्या दर किलो वजनामागे साधारण दीड ते दोन हजार अंडी असतात. लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं. २० सेंटिमीटरची मादी दीडशे-दोनशे अंडी देईल, ४० सेंटिमीटरची हजार-बाराशे. शिवाय मोठ्या मादीची अंडी आकाराने मोठी, त्यातून निघणारं पिल्लू जास्त धडधाकट, आणि तिचा खळगा जास्त खोल, म्हणजे पुराच्या लोंढ्यात उखडण्याची भीती कमी. त्यामुळे आता अनेक पाण्यांत मधला पट्टा राखीव ठेवतात: अमुक लांबीखालचे घ्या, अमुक ते अमुक सोडा, त्यावरचा फार तर एखादा घ्या. काही ठिकाणी ठरावीक लांबीच्या वरचे सगळे सोडायचे असतात. ज्या पाण्यात वीण चांगली होते आणि लहान मासे भरपूर आहेत, तिथे हा नियम किमान मापापेक्षा नक्कीच सरस. तुमच्या पाण्यावर फक्त किमान माप असेल, तरी कायद्यात बसणारे मध्यम मासे घेऊन सर्वांत मोठी मादी सोडायला कोणी अडवत नाही. खायलाही मध्यम मासाच चांगला लागतो.

उलट बाजूही सांगतो, कारण 'सोडणं म्हणजे नेहमी पुण्य' असा एक समज पसरला आहे. काही पाण्यांत मासे घेणंच गरजेचं असतं. ब्रूक ट्राउट लवकर वयात येतो आणि थंड तळ्यात, बारीकशा ओढ्यातही खूप वितो. मग तळ्यात शेकडो मासे होतात, सगळे वीतभर लांबीचे, डोकं मोठं आणि अंग वाळकं. अन्न तेवढंच, तोंडं फार. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दिवसाला चार ट्राउटची सर्वसाधारण मर्यादा आहे, पण त्यावर आठ इंच किंवा त्याहून लहान असे दहा ब्रूक जादा घेता येतात. तुम्ही विचारलेल्या 'वर दहा जादा'चा अर्थ हाच. शेजारच्याच दुसऱ्या तळ्याला रेवेचा ओढा नसेल तर तिथे वीण होत नाही, बाहेरून सोडलेले थोडेच मासे असतात आणि ते चांगले जाड होतात. दोन तळी एकाच डोंगरावर, नियम परस्परविरुद्ध, आणि दोन्ही बरोबर.

कधी नियम याही पुढे जातो. अमेरिकेतल्या यलोस्टोन लेक या सरोवरात १९९४ साली लेक ट्राउट असल्याची खात्री झाली. तो तिथला मूळचा नव्हे, कुणीतरी आणून सोडलेला. तो मोठा होऊन तिथला मूळ कटथ्रोट खातो. कटथ्रोट वीण करायला ओढ्यांत चढायचा, तिथे अस्वलं, ऑस्प्रे हे मासेखाऊ शिकारी पक्षी, पाणमांजरं सगळ्यांची पोटं त्यावर भरायची. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यात राहतो आणि तळ्यातच वितो, त्यामुळे त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून त्या सरोवरात धरलेला लेक ट्राउट मारलाच पाहिजे आणि कटथ्रोट सोडलाच पाहिजे असा नियम आहे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात तर मूळची मासेविरहित उंच तळी ट्राउट सोडल्यामुळे तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांना महाग पडली. काही तळ्यांतून ट्राउट काढल्यावर बेडूक पुन्हा वाढले. म्हणून गळ टाकण्याआधी जाती ओळखायला शिका. ब्राउनच्या अंगावर काळ्या-तांबड्या ठिपक्यांभोवती फिकट कडी, रेनबोच्या शेपटीभर काळे ठिपके आणि कुशीवर गुलाबी पट्टा, ब्रूकच्या पाठीवर नागमोडी फिक्या रेघा आणि खालच्या परांना पांढरी किनार, कटथ्रोटच्या जबड्याखाली तांबडा ओरखडा. जातीची खात्री नसेल तर मासा सोडून द्या.

वाढवून सोडलेल्या माशांचं पाणी हा तिसरा प्रकार, त्यावर फार लिहीत नाही. खाण्याजोगे मासे मुद्दाम धरण्यासाठी सोडलेले असतात, मर्यादा सैल असते, घ्यावेत. कुठे कुठे असे मासे ओळखू यावेत म्हणून पाठीवरचा मागचा छोटा मांसल पर कापलेला असतो. तो पर शाबूत असलेला मासा नैसर्गिक समजून सोडायचा असतो.

सोडायचा मासा जगेल असा सोडता आला पाहिजे, नाहीतर मापाचे सगळे नियम कागदावरच राहतात. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात गांडुळासारख्या आमिषावर धरून सोडलेल्या ट्राउटपैकी जवळपास तिसरा हिस्सा मेल्याचं दिसलं. कृत्रिम माशी किंवा स्पिनरवर (पाण्यात फिरणाऱ्या पात्याच्या गळावर) धरलेल्यांत वीसातला एक किंवा त्याहून कमी. आमिष मासा गिळतो आणि गळ घशात किंवा कल्ल्यांत रुततो, हे त्याचं कारण. म्हणूनच माप पाळायला लावणाऱ्या पाण्यांत अनेकदा आमिषाला बंदी आणि उलट्या काट्याशिवायच्या एकेरी गळाची सक्ती असते. गळ खोल गेलाच असेल तर ओढाताण करू नका, तंगूस तोंडाजवळ कापा आणि मासा सोडा. दुसरी गोष्ट हवेची. दमवलेल्या रेनबोंवर झालेल्या, १९९२ सालीच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेत न धरलेल्यांपैकी १२ टक्के मेले, अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतला दमवणूकीचा प्रकार कठोर होता, नदीवर आकडे इतके वाईट येत नाहीत, तरी दिशा स्पष्ट आहे. हात ओले करा, मासा हातजाळीत पाण्यातच ठेवा, गळ पक्कडीने काढा. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा.

एक अपवाद लक्षात असू द्या: स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासे धरायला प्राणीसंरक्षणाच्या नियमांनुसार मनाई आहे. तिथला विचार असा की माशाला त्रास द्यायचा तर तो खाण्यासाठीच. तिकडे जाऊन दिवसभर धरा-सोडा करायचं म्हणाल तर चालणार नाही.

आता नियम वाचायचे कसे. आधी खास अपवादांची यादी पाहा, सर्वसाधारण नियम मागाहून, कारण विशिष्ट पट्ट्याचा नियम नेहमी वरचढ असतो. 'या पुलापासून त्या संगमापर्यंत' असं लिहिलेलं असतं, तेव्हा नकाशावर पूल आणि संगम दोन्ही शोधून खूण करा. मिळणारे ओढे त्यात येतात की नाही तेही तिथेच लिहिलेलं असतं. दिवसाची मर्यादा आणि जवळ बाळगण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत तंबूतल्या बर्फाच्या पेटीतले आणि अनेक ठिकाणी घरच्या फ्रीजरमधलेही मासे मोजतात. मोठा मिळाला म्हणून आधीचा लहान, मेलेला मासा पाण्यात टाकून देणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. एकदा ठेवला की तो तुमच्या हिशोबात धरला. लांबी कुठे शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, कुठे शेपटीची दोन टोकं चिमटीत जुळवून शेवटापर्यंत. फरक सेंटिमीटरभर पडतो आणि दंड तेवढ्यावरून होतो, तर काठावरच्या मापाचा मासा ठेवूच नका.

ठेवायचा मासा लगेच डोक्यावर एक नेमका घाव घालून मारा, तडफडत ठेवू नका. कल्ले आणि आतडी काढून थंड ठेवा, पण डोकं, शेपूट आणि कातडी घरी पोचेपर्यंत राहू द्या, म्हणजे तपासणाऱ्याला जात आणि लांबी कळते. आतडी काढताना मादीत गाभोळी भरत आलेली दिसली तर त्या पाण्यात वीण जवळ आली आहे असं समजा आणि तारीख उघडी असली तरी उथळ रेवेच्या जागा सोडून डोहांकडे वळा.

परवान्याबरोबर नोंदीचा कागद मिळाला तर तो भरून परत द्या. किती तास गळ टाकला, कोणत्या जातीचे किती धरले, किती सोडले, लांबी काय. काहीच न लागलेल्या दिवसाचीही नोंद करा. फक्त चांगल्या दिवसांचे कागद आले तर पाण्यात आहेत त्यापेक्षा जास्त मासे दिसतात, आणि पुढच्या हंगामाची मर्यादा त्याच कागदांवरून ठरवतात.